अर्थांतर : एक निग्रहस्थान

वादांत भलतेंच बोलणाऱ्यास काय म्हणावें, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वींच निकालांत काढला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांतील पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकांत २२ निग्रहस्थानें, म्हणजे वादांतील पराभवाचीं स्थानें, सांगितलीं आहेत. त्यांतलें सहावें अर्थांतर. चालू विषयाशीं ज्याचा संबंध नाहीं तें बोलणें, इतकाच त्याचा अर्थ. चरकसंहितेच्या विमानस्थानांतहि तें आलें असून तेथील दृष्टांत वैद्याला शोभेल असाच आहे: ज्वराचें लक्षण सांगावयाचें असतां प्रमेहाचें सांगणें.

वात्स्यायनाचा दृष्टांत याहून मार्मिक आहे. वादी शब्दाचें नित्यत्व सिद्ध करावयास निघतो. शब्दाला स्पर्श नाहीं, असा हेतु देतो. आणि लागलीच ‘हेतु’ हें पद कोणत्या धातूस कोणता प्रत्यय लागून झालें तें सांगूं लागतो. तेथून मग नाम, आख्यात, उपसर्ग, निपात! यांत व्याकरणाची चूक एकहि नाहीं, आणि खरी मेख येथेंच आहे. याच यादींत ‘अपार्थक’ म्हणून एक स्थान आहे. दहा डाळिंबें, सहा अपूप अशीं परस्परांशीं न जुळणारीं पदें त्याचें उदाहरण होत. (हीं डाळिंबें पतंजलीच्या महाभाष्यांतहि आहेत.) अपार्थक ऐकणारा हंसतो, अर्थांतर ऐकणारा मान डोलावतो.

बौद्ध आचार्य धर्मकीर्ति यानें वादन्यायांत गौतमाच्या यादीवर कडक टीका करून दोनच निग्रहस्थानें ठेविलीं: साध्यास अंगभूत नसलेलें बोलणें, आणि प्रतिपक्षाचा नसलेला दोष दाखविणें. या ग्रंथाची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन यांस तिबेटांत मिळाली, हें संग्राहकांस ठाऊकच आहे.

हें सर्व आम्ही विद्यार्थ्यांस अनेक वर्षें शिकविलें, तरी प्रसंग आला तेव्हां आमच्या उपयोगीं पडलें नाहीं. २०१८ सालीं एका घरच्या दप्तरांतील पोथ्यांची यादी करितांना अमरकोशाच्या एका पोथीपुढें, पुष्पिकेच्या आधारें, आम्ही ‘शके १६१२ चें लेखन’ असें लिहिलें. एका तरुण संग्राहकानें पान उजेडाकडे धरून कागदांतील जलचिन्ह दाखविलें. त्यांत रोमन अक्षरें व १८३२ हा इसवी सन स्पष्ट होता. यावर आम्ही काय उत्तर द्यावें? अक्षर वळणदार आहे, लेखकाचें संस्कृत निर्दोष आहे, घराणें पिढीजाद विद्वानांचें आहे. हीं तिन्ही विधानें खरीं होतीं; आजहि एकहि मागें घेण्याचें कारण नाहीं. प्रश्न मात्र कागदाचा होता. त्या गृहस्थांनीं नम्रपणें ऐकून घेतलें. आमचें अर्थांतर आमच्या ध्यानांत घरीं परत येतांना, वाटेंत आलें.

लेखकानें आपल्या पुढील प्रतींतील पुष्पिका शकासह उतरून घेतली, असें आतां आम्हांस वाटतें. अशीं उदाहरणें विरळा नाहींत. शके १६१२, म्हणजे इ. स. १६९०, हें वर्ष त्या आदर्श प्रतीचेंच होतें असेंहि मात्र यावरून निघत नाहीं. तीहि नक्कल असूं शकेल. ज्यांनीं आमच्या यादीवरून टिपणें घेतलीं असतील त्यांनीं तेथें ‘इ. स. १८३२ च्या पूर्वींचें नव्हे. पुष्पिकेंतील शक उतरलेला’ अशी दुरुस्ती करून घ्यावी.