एका खिडकीचा उजेड

फोटो स्टुडिओ टाकायचा तर दिवे किती लागतील, असा प्रश्न पेण-हमरापूर भागातली मुले मला नेहमी विचारतात. कुणी कर्ज काढून चार दिव्यांचा संच घ्यायच्या बेतात असतो. माझे उत्तर ठरलेले आहे : एक. त्यामागे आपल्याकडच्या फोटोग्राफीचा दीडशे वर्षांहून जुना अनुभव आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. शहराला वीज पुरवणारी बेस्ट कंपनी मात्र निघाली १९०५ मध्ये. म्हणजे पहिली पन्नासेक वर्षे या मंडळींचा दिवा एकच होता, तो म्हणजे सूर्य.

पण सूर्य थेट अंगावर घेऊन चालत नाही. डोळे मिटतात, नाकाखाली काळी सावली पडते. म्हणून स्टुडिओला उत्तरेकडे मोठे काचेचे तावदान किंवा तिरके काचेचे छप्पर ठेवत. त्या बाजूने ऊन सहसा आत येत नाही, आकाशाचा शांत उजेड येतो. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो. तेवढ्यापुरते पांढरे पडदे ओढायचे. उजेड जास्त पडला तर पडदा, कमी पडला तर पांढरा फळा. सगळे सामान एवढेच.

काचा त्या काळी मंद असत. माणसाला कित्येक सेकंद स्तब्ध बसावे लागे, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंतले चेहरे गंभीर दिसतात, त्याचे एक कारण हेच. त्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे कपाळावरचे कुंकू काळे उमटे. पुढे १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पूड निघाली, मग बल्ब आले, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला. साधने बदलली, तरी चेहरा घडवणारा उजेड एकाच बाजूने येतो, हा नियम टिकला.

तो का टिकला, हे हमरापूरच्या गणपतींच्या कारखान्यात समजते. मूर्तीच्या गालाची, सोंडेची गोलाई तपासताना कारागीर ती उजेडाला तिरकी फिरवून पाहतो. समोरून उजेड पडला की सगळे सपाट दिसते. बाजूने पडला की उंचसखलपणा बोलू लागतो. माणसाचा चेहराही तसाच.

तेव्हा एक दिवा घ्या. त्याच्यापुढे पांढरे कापड किंवा छत्री लावा, म्हणजे उजेडाचा आकार मोठा होईल आणि सावली मऊ पडेल. दिवा माणसाच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर, समोर आणि बाजू यांच्या मधोमध, तीन-चार फुटांवर ठेवा. तो लांब नेला की उजेड पुन्हा कडक होतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करा. तोच तुमचा दुसरा दिवा. पाठीमागच्या भिंतीसाठीही वेगळा दिवा नको. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. माणूस भिंतीपासून दूर बसवला की तीच पांढरी भिंत करडी दिसते, आणखी दूर बसवला की काळसर. शेवटी डोळ्यांत पाहा. बुबुळात दिव्याचा ठिपका चमकला, तर चेहरा जिवंत झाला असे समजा.

हे हाती बसेपर्यंत दुसरा दिवा विकत घेऊ नका. दुसरा दिवा दुसरी सावली घेऊन येतो आणि मग चूक कोणत्या दिव्याची, तेच कळत नाही.

आता मोबाइलने रोज शेकडो फोटो निघतात, हे खरे. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचा भिंतीवर लावलेला एकच फोटो असतो. नातवंडांना ती माणसे तेवढीच ठाऊक. तो फोटो काढणाऱ्याकडे सामान किती होते, हे कुणी विचारत नाही. चेहरा ओळखू येतो की नाही, एवढेच पाहतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)