गोसीखुर्दच्या पाण्याखाली कोणाची संस्कृती बुडाली?



शाळेच्या स्नेहसंमेलनात "लोप पावत चाललेली संस्कृती" असा कार्यक्रम हमखास असतो. मुली नऊवारी नेसतात, कोणी वासुदेव होतो, मंचावर जाते मांडले जाते, टाळ्या वाजतात. पण या जात्यावर दळत कोण होते, कोणाच्या घरचे दळत होते आणि दळणाऱ्या बाईला त्या घराच्या कोणत्या दारापर्यंत येऊ देत होते, हे मुलांना कोणी सांगत नाही. इतिहासातून जात वगळली की उरते ती फक्त सजावट. आपल्या मुलांना अशी सजावट शिकवायची की इतिहास, हा आज आपल्यापुढचा प्रश्न आहे. गोसीखुर्दच्या परिसरात तर तो फार तातडीचा आहे.

22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरील या धरणाचे भूमिपूजन झाले. तेव्हा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता. आज तो हजारो कोटींवर गेला आहे. 2009 मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील 2,50,800 हेक्टर जमीन भिजणार, असे सांगितले गेले. हे सगळे आकडे सरकारी कागदावर आहेत. जे बुडाले त्याची नोंद मात्र फक्त घर, शेत, झाड आणि विहीर एवढीच आहे. पुनर्वसित गावठाणात 18 नागरी सुविधा द्याव्यात असा नियम आहे. त्यात शाळा आहे, रस्ता आहे, स्मशानभूमी आहे. गावाची आठवण जपण्याची तरतूद त्यात नाही.

नदीच्या वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या लावणारा धीवर समाज घ्या. उन्हाळ्यात वाळू उघडी पडायची आणि त्यावर घर चालायचे. त्या वाळूचा सातबारा कोणाच्या नावाने नव्हता. ज्याचा सातबारा नाही, त्याचे नुकसान मोजायचे कसे? वाळू पाण्याखाली गेली आणि पाणी, माती, मासे यांविषयीचे पिढ्यानपिढ्यांचे ज्ञानही गेले. भूमिहीनाची संस्कृती आधी कागदावर बुडते, मग पाण्यात.

इथे कोणी विचारेल, आंबेडकरवाद्यांना बुडालेल्या गावाचा एवढा कळवळा कशाला? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगानावर कठोर टीका केली होती. जुन्या गावात आपली वस्ती कोणत्या दिशेला होती आणि पाण्यासाठी कोणाच्या दयेवर उभे राहावे लागत होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक आहे. मेलेली जनावरे ओढण्याचे काम आपल्या वाडवडिलांनी ठरवून सोडले. तीही "परंपरा"च होती. ती टिकवली नाही म्हणूनच आपण माणूस झालो.

हा आक्षेप बरोबर आहे, आणि आपली भूमिका त्यातूनच निघते. एखादी प्रथा टिकवणे वेगळे आणि तिची आठवण टिकवणे वेगळे. प्रथा मोडायची असेल तर मोडावी, पण तिचा इतिहास पुसू देऊ नये. गावासोबत वेगळी विहीर बुडाली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण ती विहीर होती याचा पुरावाही बुडाला, तर उद्या हेच लोक आपल्या मुलांना सांगतील की, "आमच्या गावात जातपात नव्हतीच, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते."

म्हणून मुलांना गोष्ट सांगताना तिच्या शेजारी पुरावा ठेवला पाहिजे. आपल्या भागात त्याची साधने भरपूर आहेत.

पहिले साधन पवनी. धरणापासून अगदी जवळ, त्याच वैनगंगेच्या काठी. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन स्तूप निघाला. तिथल्या शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे आणि त्यावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. भगवान बुद्धांवर फणा धरणारा हा मुचलिंद. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी धम्म पसरवल्याचे सांगितले, नाग नदीचाही उल्लेख केला. त्यानंतर अवघ्या 13-14 वर्षांत पवनीच्या मातीतून हा नाग बाहेर आला. फेब्रुवारीत आपण हजारोंच्या संख्येने रुयाडच्या महासमाधीभूमीवर जातो. तिथून मुलांना या टेकडीवरही न्या.

दुसरे साधन आपल्याच घरात आहे. भंडारा-नागपूर भागातील महार समाजातले अनेक जण जाडेभरडे कापड विणत. इंग्रजांच्या काळातील नोंदीही हेच सांगतात. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे कापड बाजारात आले आणि हातमाग मागे पडत गेला. आपण केवळ वेठबिगार होतो ही गोष्ट अर्धी आहे. आपण कारागीरही होतो. ही उरलेली अर्धी गोष्ट मुलाला कळली की त्याची मान वर होते.

तिसरे साधन बोली. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'डोळा'चा 'डोरा' होतो. वर्गात मुलाचा असा उच्चार आला की तो "अशुद्ध" ठरतो. आजीकडून ऐकलेली गोष्ट पोराला आजीच्याच शब्दांत लिहू द्या. शब्द दुरुस्त केला की त्यातली आजीच निघून जाते.

मुलांना हे जमेल का, अशी शंका असेल तर मुक्ता साळवे आठवा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत आपल्या माणसांवर काय गुदरले, हे तिने लिहून ठेवले. मोठे पंडित गप्प होते, तेव्हा एका विद्यार्थिनीने इतिहास लिहिला. आज आपण तिला साक्षीदार म्हणून वाचतो.

आणि मुलांना एक प्रश्न नक्की विचारायला लावा. बाबासाहेबांनी ज्या नाग नदीचा उल्लेख केला, ती आज नागपूरचे सांडपाणी घेऊन कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. ज्यांनी घरेदारे दिली, त्यांच्याच वाट्याला शहराची घाण का? हा प्रश्न भूगोलाचा आहे, इतिहासाचा आहे आणि जातीचाही आहे.

काम अवघड नाही. प्रत्येक पुनर्वसित गावातल्या विहारात रविवारी दोन तास मुलांना बसवा. जुन्या गावाचा नकाशा काढायला लावा आणि त्यात कोणत्या जातीची घरे कुठे होती ते दाखवायला सांगा. धीवर, गोंड मोहल्ल्यातले म्हातारेही बोलवा. हा इतिहास एकट्या बौद्धांचा नाही. त्यांचे बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड करा, तारीख टाका, सांगणाऱ्याची परवानगी घ्या. दोन म्हाताऱ्यांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही लिहा. 14 एप्रिलला डीजेसाठी जमणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग या वह्यांसाठी काढा.

भूमिपूजनाच्या वेळी जे पंचवीस वर्षांचे होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. धरणाने गाव बुडवले, ते आपल्या हातात नव्हते. ही माणसे न बोलता गेली, तर तो दोष मात्र आपला असेल.

जयभीम! नमो बुद्धाय!