तारेवाचून तार

फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ व्होज नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी साव्हर्न हे गाव. गावातून निघालेली पायवाट दाट जंगलातून वर चढते. आज आपण मनानेच ही वाट चालू या. चढ बराच आहे, पण वर पोहोचताच गुलाबी दगडाच्या सुळक्यांवर बांधलेला ओ-बारचा जुना किल्ला दिसतो आणि खाली अल्सासचे विस्तीर्ण मैदान पसरलेले असते. तिकडचे लोक या किल्ल्याला ‘अल्सासचा डोळा’ म्हणतात. आपल्याला मात्र पाहायचा आहे किल्ल्याजवळचा एक मनोरा. त्याच्या माथ्यावर खांब आहे आणि खांबाला हात आहेत.

ही एका काळची तारकचेरी. पण हिला तार कुठेच नव्हती, बरं का!

क्लोद शाप या फ्रेंच गृहस्थाने ही युक्ती काढली. १७९४ साली पॅरिस ते लील अशी मनोऱ्यांची पहिली रांग सुरू झाली. १७९८ मध्ये पॅरिस ते स्ट्रासबर्ग ही रांग आली. ओ-बारचा मनोरा तिच्यातला. खांबावर एक लांब दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन आखूड हात. खालून दोर ओढून ते निरनिराळ्या कोनांत वळवायचे. पुढच्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून ती खूण पाही आणि जशीच्या तशी आपल्या दांडीवर उभी करी; मग त्याच्या पुढचा. १७९५ च्या संकेतपुस्तकात ९२ पाने होती व दर पानावर ९२ शब्द. पहिल्या खुणेने पान कळे, दुसरीने शब्द. म्हणजे ८,४६४ शब्दांची सोय झाली.

विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहत खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंची कथा आपल्या मुलांना पाठ असते. पण तोफ सांगून सांगून काय सांगणार? आधी ठरलेली एकच गोष्ट. शापचे हात हवा तो मजकूर सांगत. १८०९ साली ऑस्ट्रियाच्या स्वारीची खबर स्ट्रासबर्गहून अशीच पॅरिसला गेली. १२ एप्रिलच्या संध्याकाळी ती नेपोलियनला मिळाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तो निघाला.

अर्थात रात्र पडली की काम बंद. धुके आले तरी बंद. डोंगरातल्या मनोऱ्याला तर धुक्याशी रोजचीच गाठ.

आता मनोऱ्यावरच्या त्या माणसाकडे वळू. थंडीवाऱ्यात दिवसभर तो दुर्बिणीला डोळा लावून बसे. युद्धाची, राज्यक्रांतीची बातमी त्याच्या हातून जाई आणि त्याला तिचा पत्ता नसे. संकेतपुस्तक असे ते दोन्ही टोकांच्या अधिकाऱ्यांपाशी. खाली शेत नांगरणाऱ्यालाही ते हात हलताना दिसत, पण त्याच्या लेखी ते नुसते हलणारे लाकूड. हे यंत्र सरकारचे आणि बातमीही सरकारची. १८३७ च्या कायद्याने परवानगीवाचून दुसऱ्या कुणी असे संदेश धाडणे हा गुन्हा ठरला. शिक्षा वर्षभरापर्यंत कैद आणि जबर दंड. फ्रान्समध्ये सामान्य माणसाला स्वतःची तार पाठवता येऊ लागली ती १८५१ मध्ये, विजेच्या तारेवरून. पुढच्याच वर्षी ओ-बारच्या मनोऱ्याचे काम थांबले.

बातमी किती वेगाने गेली, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडते. ती कुणाला वाचता येत होती, हेही विचारायला हवे.

शिक्षकांना एक सुचवतो. मैदानात दहा मुले दूरदूर उभी करा. हातांच्या खुणा ठरवा, पण त्यांचा अर्थ फक्त पहिल्या आणि शेवटच्या मुलाला सांगा. निरोप बिनचूक पोहोचला की मधल्या मुलाला विचारा, “तू काय सांगितलंस रे?” त्याचे उत्तर ऐका, आणि मग धडा सुरू करा.