परवान्याआधीची दहा वर्षे

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की उमरगा, हुमनाबाद मागे टाकत रस्ता झहीराबादला पोचतो. त्या परिसरातल्या माचनूर गावात 'संघम रेडिओ' हे एफएम केंद्र आहे. त्याच्या आरंभाची तारीख १५ ऑक्टोबर २००८ अशी दिली जाते. काही वर्षांपूर्वी एका टिपणात मीही तीच लिहून मोकळा झालो होतो. तारीख खोटी नाही. पण ती सरकारदरबारी नाव लागल्याची तारीख आहे, जन्माची नव्हे.

या भागात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था गरीब, बहुतांशी दलित बायकांचे गावोगाव संघम बांधत आली. ज्वारीसारखी कोरडवाहू पिके आणि घरचे बियाणे जपणे हे त्यांचे मुख्य काम. रेडिओवरची तेलुगू आपली नव्हे, तिथे बोलली जाणारी शेतीही आपली नव्हे, ही या बायकांची तक्रार होती. १९९८च्या सुमारास युनेस्कोच्या मदतीने त्यांचे केंद्र उभे राहिले. ध्वनिमुद्रणाची सोय झाली, माणसे शिकून तयार झाली. नव्हता तो फक्त परवाना.

मग त्यांनी काय केले? थांबल्या नाहीत. बियाणे, आजारपण, सणवार, गाणी असे सारे कॅसेटवर मुद्रित केले आणि त्या कॅसेट संघमच्या बैठकांत वाजवल्या. हे काम सांभाळणाऱ्या दोघींचे नाव एकच, नरसम्मा. म्हणून एक 'जनरल' नरसम्मा आणि दुसरी अल्गोल नरसम्मा. लहरींवरून नाही, पिशवीतून गेलेला हा रेडिओ. श्रोते होते, निवेदिका होत्या, कार्यक्रम होते. याला केंद्र म्हणायचे नाही तर कशाला?

खरे तर कायद्याची वाट आधीच मोकळी झाली होती, तीही क्रिकेटच्या कृपेने. १९९३च्या हीरो कप सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करायचे, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात तंटा झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे ते पीठ. सावंत मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेले, म्हणून आपल्याला जरा अधिक जवळचे.

मालमत्ता सार्वजनिक ठरली. वाटप मात्र रांगेने झाले, आणि रांगेत पुढे कोण होते ते पाहण्यासारखे आहे. आधी शहरांतल्या खासगी एफएम वाहिन्यांचा लिलाव. २००१ साली बंगळुरूत रेडिओ सिटी सुरू झाली. नंतर, २००२च्या अखेरीस, शिक्षणसंस्थांना मुभा मिळाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये चेन्नईचे अण्णा एफएम बोलू लागले. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडले ते थेट नोव्हेंबर २००६ मध्ये. पैसेवाले, शिकलेले आणि मग माचनूरच्या बायका. हा क्रम कोणी ठरवून लावला असे मी म्हणत नाही, पण तो तसा लागला.

२००८च्या त्या ऑक्टोबरात केंद्राचे उद्घाटन करायला आले न्या. सावंतच. निकाल लिहिणाऱ्याने आपल्या निकालाचे फळ तेरा वर्षांनी स्वतः ऐकावे, असे योग इतिहासात फार सापडत नाहीत. ज्यांनी ऐकवले त्यांना मात्र त्या दिवशी नवे काही शिकायचे नव्हते. दहा वर्षांचा सराव होता.

माझ्या वहीत मी आता दोन्ही साले शेजारी-शेजारी लिहिली आहेत. परवान्याच्या अटीही उतरवून घेतल्या आहेत : प्रसारणशक्ती साधारण शंभर वॅट, मनोरा तीस मीटरपर्यंत, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक, आणि स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. म्हणजे यंदा कोणते बियाणे उगवले हे सांगता येते. बियाण्याच्या दुकानात काय घडले, हे बातमी म्हणून सांगता येत नाही.