रुळाच्या पोटातली चीर ऐकण्याची विद्या

जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर चढतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे 10च्याही खाली उतरतो. वेल्डिंग करून अखंड केलेल्या रुळाला थंडीत आक्रसायला जागा मिळत नाही. तो ताणला जातो आणि पोटात एखादी चीर असेल, तर अशाच पहाटे तिथे तडकतो. म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त वाढवतात. पण गस्तीवरच्या गँगमनला दिसतो तो तुटलेला रूळ. तुटण्याआधीची चीर ऐकावी लागते.

या ऐकण्याचा मूळपुरुष हातोडी. गाडी थांबली की चाकांवर हातोडी मारायची. खणखणीत आवाज आला तर चाक धड, बद्द आला तर तडा. पण पोटातली बारीक चीर हातोडीला कळत नाही. 1911 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ रूळ तुटून 29 प्रवासी दगावले, तेव्हा वरून धडधाकट दिसणारा रूळ आतून चिरलेला असू शकतो, हे तपासात उघड झालं.

दुसरं घराणं पॅरिसचं. जॅक आणि पिअर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यातून वीज निघते. उलट, वीज दिली की तो थरथरतो. त्याच गुणाच्या बळावर पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यात अतिउच्च कंपनांचा आवाज सोडला. 1920च्या दशकाअखेर लेनिनग्राडच्या सोकोलोव्ह यांनी तोच आवाज धातूतून पार नेण्याची कल्पना मांडली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे फ्लॉइड फायरस्टोन एकाच बाजूने आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपू लागले; 1940 मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना 1942 मध्ये पेटंट मिळालं. आजचं रूळ तपासणीचं यंत्र याच कुळातलं.

खरी अडचण होती ती रुळाच्या सपाट पृष्ठभागाची. आवाज सोडल्यावर स्फटिक क्षणभर स्वतःच थरथरत राहतो आणि पृष्ठभागाला लागून असलेल्या चिरेचा प्रतिध्वनी त्या गलबल्यात बुडतो. त्यावर उपाय निघाला जोडस्फटिकाचा: एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. दुसरी अडचण चिरेच्या दिशेची; तिच्यावरचा उपाय आवाज तिरपा सोडणं. रुळाच्या माथ्यातली उभी चीर सरळ खाली जाणाऱ्या आवाजाला जेमतेम आडवी येते. 70 अंशांनी सोडलेल्या आवाजाला मात्र ती समोर भेटते.

या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. चीर तळाला काटकोनात टेकलेली असेल, तर तिचा आणि तळाचा मिळून कोपरा तयार होतो. खोलीच्या कोपऱ्यात मारलेला चेंडू दोन भिंतींना आपटून आपल्याकडेच येतो, तसा तिरपा आवाज तळावरून चिरेवर आणि चिरेवरून थेट प्रोबकडे, म्हणजे आवाज सोडणाऱ्या-टिपणाऱ्या स्फटिकाकडे, परततो. मोकळ्या धातूत तेवढ्याच चिरेचा आवाज भलतीकडे निसटला असता. माथ्याजवळ जो सपाट पृष्ठभाग चीर लपवतो, तोच तळाशी तिचा पत्ता देतो.

रुळावर हे काम यूएसएफडीची (अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्शन) हातट्रॉली करते. प्रोब आणि लोखंडामध्ये हवेची फट राहिली तर आवाज आत शिरत नाही, म्हणून टाकीतलं पाणी सतत खाली झिरपत असतं. मीटरला 60 किलो वजनाचा रूळ 172 मिलिमीटर उंच. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावतो. तळापर्यंत जाऊन परत यायला त्याला जेमतेम 58 मायक्रोसेकंद लागतात. तळाचा हा प्रतिध्वनी अचानक मावळला, तरी ऑपरेटर थबकतो. कारण तिरपी चीर स्वतः दिसली नाही, तरी तळाचा आवाज अडवते. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या बोल्टच्या भोकांभोवती फुटणाऱ्या चिरांसाठी 37 अंशांचा वेगळा प्रोब असतो.

तपासणीची पाळी मुख्यतः रुळावरून किती टन वजन गेलं, यावर ठरते. म्हणून भुसावळच्या मुख्य मार्गावर ही ट्रॉली वारंवार फिरते, चाळीसगाव-धुळे शाखेवर तुलनेने कमी. पडद्यावरची उसळी चिरेची, गंजाची की वेल्डच्या उंचवट्याची, हे मात्र खानदेशच्या उन्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं. क्युरींपासून चालत आलेल्या या विद्येचा आजचा वारसदार तोच आहे, आणि वारसदार म्हणून त्याचा मान आपण राखायला हवा.