बी-११ : बंदररक्षणासाठी घडलेली पाणबुडी आणि दार्दानेल्सची सामुद्रधुनी

ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी, हॉलंड-१, २ ऑक्टोबर १९०१ रोजी बॅरो-इन-फर्नेस येथील व्हिकर्स कंपनीच्या गोदीत पाण्यात उतरली, तेव्हा या नव्या शस्त्राकडून नौदलाची अपेक्षा माफक होती. आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जॉन फिलिप हॉलंड यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या या नौकेने बंदराच्या तोंडाशी दबा धरून बसावे आणि शत्रूचे जहाज जवळ आले की त्यावर टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या यंत्राने धावणारे स्फोटक अस्त्र, सोडावे, एवढेच काम तिच्यासाठी योजले होते. याच मर्यादित कल्पनेतून पुढच्या काही वर्षांत ए आणि बी या वर्गांच्या पाणबुड्या घडल्या. बी वर्गातील अखेरच्या नौकेने, म्हणजे १९०६ साली बांधून झालेल्या बी-११ने, डिसेंबर १९१४ मध्ये दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत जी कामगिरी केली तिचे श्रेय बहुतेक वर्णनांत तिच्या तरुण कप्तानाच्या धैर्याला दिले जाते. ते रास्तच आहे. परंतु नौकेच्या रचनेतील उणिवा आणि त्या उणिवांना सरावलेले खलाशी विचारात घेतल्याशिवाय त्या कामगिरीचे मोल पुरते कळत नाही.

बी वर्गाची पाणबुडी सुमारे १४२ फूट लांब आणि जेमतेम तेरा फूट रुंद होती. पृष्ठभागावर असताना ती २८७ टन आणि बुडी घेतल्यावर ३१६ टन पाणी बाजूला सारी. पृष्ठभागावर चालण्यासाठी सोळा सिलिंडरांचे ६०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते व त्यावर तिला ताशी बारा सागरी मैलांचा वेग मिळत असे. पाण्याखाली मात्र इंजिनाला हवा मिळणे शक्य नसल्यामुळे बॅटऱ्यांवर चालणारी विजेची मोटर वापरावी लागे आणि तेव्हा वेग निम्म्यावर येई, शिवाय बॅटरीतील वीज संपली की नौकेला वर येण्यावाचून गत्यंतर नसे. नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, अठरा इंची टॉर्पेडो सोडणाऱ्या दोन नळ्या होत्या. दोन अधिकारी आणि तेरा खलाशी इंजिन, बॅटऱ्या, टॉर्पेडो व पेट्रोल यांच्या सान्निध्यातच जेवत आणि झोपत, कारण त्यांच्यासाठी वेगळी जागा अशी ठेवलेलीच नव्हती.

या साऱ्यांत पेट्रोल हा सर्वांत मोठा धोका होता. इंधनाची वाफ बंद जागेत साचली की माणसे प्रथम गुंगत आणि मग बेशुद्ध पडत, आणि एखादी ठिणगी उडाली तर स्फोट होई. फेब्रुवारी १९०५ मध्ये आयर्लंडमधील क्वीन्सटाउन बंदरात ए-५ या पाणबुडीवर असाच स्फोट होऊन माणसे दगावली. वायूची सूचना वेळेवर मिळावी म्हणून त्या काळच्या नौकांवर पांढरे उंदीर पाळले जात, कारण विषारी हवेचा परिणाम माणसाआधी त्यांच्यावर दिसे. बॅटऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले तर क्लोरीन वायू निर्माण होई, हे दुसरे भय. पाणबुडीची बुटकी आकृती इतर जहाजांना चटकन दिसत नसल्यामुळे टकरीही होत. ऑक्टोबर १९१२ मध्ये डोव्हरजवळ ‘अमेरिका’ या प्रवासी जहाजाची धडक बसून बी-२ बुडाली आणि तिच्यावरील केवळ एक अधिकारी वाचला. अशा नौकांवर घडलेला खलाशी यंत्राचा बारीकसा बदललेला आवाजही ओळखू शके, आणि दार्दानेल्समध्ये नेमकी हीच सवय कामाला आली.

१९०८ साली डी-१ ही डिझेल इंजिनाची पाणबुडी आल्यावर पेट्रोलच्या नौका मागे पडल्या आणि बी वर्गातील काही नौका भूमध्य समुद्रात पाठवण्यात आल्या. १९१४च्या अखेरीस ऑटोमन साम्राज्य पहिल्या महायुद्धात उतरले तेव्हा माल्टाहून आलेल्या तीन जुन्या पाणबुड्या दार्दानेल्सच्या मुखाशी पहाऱ्यावर होत्या. मार्मारा समुद्राला एजियन समुद्राशी जोडणारी ही सामुद्रधुनी साठेक किलोमीटर लांब असून तिच्यात वरचे पाणी जोराने एजियनकडे वाहते, तर त्याखाली अधिक खारे व अधिक जड पाणी उलट दिशेने सरकते. पाणबुडीचा तोल पाण्याच्या घनतेवर अवलंबून असतो. एका थरातून दुसऱ्या थरात शिरताच तिला एका खोलीवर स्थिर राखणे अवघड होते. त्यात सुरुंगांच्या रांगा होत्या. सामुद्रधुनीत शिरण्यासाठी बी-११ची निवड झाली ती तिच्या बॅटऱ्या नुकत्याच बदललेल्या होत्या म्हणून, आणि सुरुंगांच्या दोरांत अडकू नये यासाठी नौकेच्या बाहेर आलेल्या भागांना, विशेषतः खोली सांभाळणाऱ्या आडव्या सुकाणूंना, पोलादी कठडे बसवण्यात आले.

१३ डिसेंबर १९१४ रोजी पहाटे सव्वीस वर्षांचे लेफ्टनंट नॉर्मन होलब्रुक यांनी नौका आत घेतली. वाटेत एक कठडा वाकडा होऊन अडसर बनला, तेव्हा वर येऊन तो तोडून टाकावा लागला. पुढे सुरुंगांच्या पाच रांगांखालून नौका गेली, आणि पेरिस्कोपमधून, म्हणजे पाण्याखाली राहून वरचे दृश्य दाखवणाऱ्या भिंगांच्या नळीतून, नांगरलेले तुर्की युद्धजहाज मेसुदिये दिसले. ते सुरुंगांच्या पट्ट्याचे रक्षण करीत होते, आणि विशेष म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी ते लंडनमध्येच बांधले गेले होते. टॉर्पेडो लागल्यावर काही मिनिटांतच ते उलटून उथळ पाण्यात बसले. सदतीस माणसे मृत्यू पावली, तर आत अडकलेल्या अनेकांना जहाजाचे पत्रे कापून बाहेर काढण्यात आले.

या मोहिमेचा खरोखर कठीण भाग यानंतरच सुरू झाला, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. पोलादी कवचाच्या परिणामाने होकायंत्राची सुई बिघडू नये म्हणून ते बी-११वर कवचाबाहेर बसवलेले होते व त्याची प्रतिमा भिंगांतून आत सुकाणूवाल्यापर्यंत येई. ती भिंगे नेमकी या वेळी धूसर झाली आणि दिशा कळेनाशी झाली. नौका उथळ तळाला लागली, तिचा मनोरा पाण्याबाहेर उघडा पडला आणि किनाऱ्यावरील तोफा तिच्यावर चालू लागल्या. पूर्ण वेगाने तळाशी घासत, अंदाजाने वळत होलब्रुक यांनी तिला खोल पाण्यात आणले आणि मग उरलेल्या विजेवर बाहेर काढले. एकूण सुमारे नऊ तास ती पाण्याखाली होती, आणि झाकण उघडले तेव्हा आतली हवा इतकी निःसत्त्व झालेली होती की पेट्रोल इंजिनही लगेच सुरू होऊ शकले नाही.

होलब्रुक यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पाणबुडीदलातील अधिकाऱ्याला हा सन्मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग ठरला; नौकेवरील इतर सर्वांनाही पदके मिळाली, आणि नौदलाचा हा निर्णय अत्यंत योग्य होता, कारण एवढ्याशा नौकेत एकाही माणसाची चूक खपण्यासारखी नव्हती. शत्रूच्या जहाजावरील दर माणसामागे पाच पौंड या युद्धकाळातील नियमाप्रमाणे पुढे ३,५०० पौंडांचे बक्षीसही सर्वांत वाटले गेले. १९१५ साली ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील जर्मन्टन या गावाने आपले नाव बदलून होलब्रुक ठेवले.

दार्दानेल्समधील पुढचे काम मोठ्या, डिझेल इंजिनाच्या ई वर्गातील पाणबुड्यांकडे गेले आणि त्या १९१५ मध्ये मार्मारा समुद्रापर्यंत पोचल्या. जुन्या बी नौका व्हेनिसला पाठवण्यात आल्या. तेथे ऑगस्ट १९१६ मध्ये बी-१० ऑस्ट्रियन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाली आणि विमानांनी बुडवलेली जगातील पहिली पाणबुडी ठरली. बी-११चे १९१७ मध्ये पृष्ठभागावरील गस्ती नौकेत रूपांतर झाले आणि १९१९ साली ती इटलीत विकली गेली. बी वर्गातील अकरांपैकी एकही नौका जतन झालेली नाही. त्यांची पूर्वज हॉलंड-१ मात्र १९८२ साली समुद्रतळातून वर काढण्यात आली असून इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथील पाणबुडी संग्रहालयात ठेवलेली आहे.