द्रवाचे गणित : ट्रॉम्बेपासून संगणकापर्यंत

ट्रॉम्बे येथील अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रियान्वित झाली. न्यूट्रॉनांचा वेग मंदावणे, उष्णता वाहून नेणे व किरणोत्सर्ग रोखणे ही तिन्ही कामे तिच्या हौदातील साधे पाणी करी. सैद्धांतिक पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हे पाणी साधे नव्हे. न्यूट्रॉन वेगवान असेतो पाण्यातील अणू मोकळा मानून हिशेब जुळतो. परंतु त्याची ऊर्जा औष्णिक पातळीवर उतरली की त्याची तरंगलांबी अणूंमधील अंतराएवढी होते, आणि अणूंची बंधने व हालचाल डावलता येत नाही.

घन पदार्थांत स्फटिकाची नियमित रचना साहाय्यास येते. ट्रॉम्बेचे एल. एस. कोठारी आणि के. एस. सिंघवी यांनी १९५९ मध्ये त्याविषयी विस्तृत परामर्श प्रसिद्ध केला. द्रवाला मात्र ना स्फटिकाची शिस्त, ना वायूचा मोकळेपणा. सिंघवी आणि स्वीडनचे आल्फ श्योलांडर यांनी १९६० मध्ये पाण्याचे प्रतिमान मांडले : रेणू काही काळ एका जागी कंप पावतो, मग विसरणाने सरकतो व पुन्हा स्थिरावतो. या कल्पनेची पारख न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनाने करता येते.

या दोघांसमवेत १९६२ मध्ये लेखन केलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंची गती संगणकावर न्यूटनच्या नियमांनी काढली. येथे हालचालीचे स्वरूप आधी कल्पावे लागले नाही. तथापि अणूंमधील बल कोणते मानावे, हे अभ्यासकालाच ठरवावे लागले. जटिल व्यवस्थेच्या गणितातून गृहीतक नाहीसे होत नाही. त्याची जागा तेवढी बदलते.